बन्या, हॅरी आणि उलटं फिरणारं घड्याळ

मुलांनो, एक प्रश्न विचारते. गोष्टीचं पुस्तक वाचून संपलं, मिटून उशाशी ठेवलं, दिवा मालवला, की त्यातली माणसं कुठे जातात हो?

काहींच्या घरी ती गुपचूप पुस्तकातच झोपतात. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती झोपू देत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. 'तो त्या दिवशी पाच मिनिटं आधी पोचला असता तर?', 'ती आपल्या वर्गात असती तर?' असे प्रश्न डोक्यात भुणभुणत राहतात. मग एखादा मुलगा किंवा मुलगी उठते, वही काढते आणि पुढची गोष्ट स्वतःच लिहायला घेते. आवडत्या लेखकाची पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या अशा गोष्टींना 'फॅन फिक्शन' म्हणतात. नाव साहेबी आहे, पण उद्योग फार जुना! आणि त्यातला सगळ्यांचा लाडका खेळ कोणता म्हणाल, तर ओळखीच्या पात्राला उचलायचं आणि भलत्याच काळात नेऊन सोडायचं.

आज मला या खेळाबद्दल तुमच्याशी बोलायचंय. वरवर पाहिलं तर ही नुसती गंमत वाटते. पण मी जसजशा अशा गोष्टी वाचत गेले, तसतसं जाणवत गेलं, की इथे एक परीक्षा चाललेली असते. पात्राची तर असतेच, पण लिहिणाऱ्याचीही असते.

उद्योग जुना आहे असं मी म्हटलं ना? मग आपल्या पुराणांतच डोकावू या. ककुद्मी नावाचा राजा आपल्या मुलीसाठी, रेवतीसाठी, स्थळ विचारायला थेट ब्रह्मदेवाकडे गेला. तिथं गाणं चाललं होतं, म्हणून बिचारा थोडा वेळ थांबला. गाणं संपल्यावर त्यानं मनातली नावं सांगितली, तर ब्रह्मदेव हसायलाच लागले. म्हणाले, अरे, तुझ्या पृथ्वीवर आता सत्तावीस चतुर्युगं उलटून गेली! राजा परत येतो तो वेगळ्याच काळात. माणसंही पूर्वीपेक्षा बुटकी झालेली. शेवटी रेवतीचं लग्न होतं बलरामाशी. ती त्याच्यापेक्षा फारच उंच, म्हणून विष्णुपुराणात बलराम नांगराच्या टोकानं तिला खाली ओढून बेताची करतो! बघा, यंत्र नाही, बटण नाही, तरी काळाचा प्रवास झालाच.

आता तिथून अमेरिकेत जाऊ. 1889 साली मार्क ट्वेननं एक कादंबरी लिहिली. तिच्यात हँक मॉर्गन नावाच्या कारखान्यातल्या माणसाच्या डोक्यात लोखंडी पहारेचा तडाखा बसतो आणि तो जागा होतो इसवी सन 528 मध्ये, राजा आर्थरच्या राज्यात. आर्थर, मर्लिन, लान्सलॉट ही पात्रं काही ट्वेनची नव्हती. शेकडो वर्षं लोक त्यांच्या गोष्टी सांगत आले होते. ट्वेननं ती उचलली आणि त्यांच्यामध्ये एक एकोणिसाव्या शतकातला माणूस सोडून दिला. त्याला जाळायला नेतात, तेव्हा तो सूर्यग्रहणाच्या भरवशावर सुटतो. आणि पुढे एकदा त्याच्यावर फाशीची वेळ येते, तेव्हा चिलखत घातलेले सरदार त्याला सोडवायला येतात ते घोड्यावरून नाही, तर चक्क सायकलवरून! एच. जी. वेल्सची काळयंत्राची कादंबरी यानंतर, म्हणजे 1895 मध्ये आली.

सायकलवरून आठवला आपला बन्या. म्हणजेच फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे! भा. रा. भागवतांचा हा किडकिडीत पोरगा तुमच्या आई-बाबांनी तर वाचला असेलच, कदाचित आजी-आजोबांनीही वाचला असेल. माझ्या घरी रविवारी सकाळी सोसायटीतली दहा-बारा मुलं वाचायला जमतात. एका रविवारी मी त्यांना म्हटलं, "बन्याला आजच्या पुण्यात आणा पाहू."

सहावीतल्या एका मुलानं सर्वांत आधी वही पुढे केली. त्यानं बन्याला झकास मोबाईल दिला होता. मग काय झालं? बन्याला चोर दिसला, बन्यानं व्हिडिओ काढला, पोलिसांना पाठवला, चोर पकडला. अर्ध्या पानात खेळ खलास! तो स्वतःच वैतागून म्हणाला, "काकू, गोष्ट संपलीच की हो!"

सातवीतल्या एका मुलीनं वेगळाच बेत केला. तिचा बन्या जुन्या पुस्तकातून थेट आजच्या पुण्यात येऊन पडतो, सायकलसकट. उड्डाणपूल बघून चक्रावतो. सायकल कुठे टेकवावी तेच त्याला कळेना. मोबाईल त्याच्याकडे नाहीच. मग तो रस्ता विचारतो, चहाच्या टपरीवाल्याला. टपरीवाला त्याला बसायला सांगतो, बोलता बोलता शेजारच्या बंद दुकानात रात्री दिवा दिसतो म्हणतो, आणि बन्याच्या तोंडून निघतं, "ट्टॉक!" आठ पानं झाली, तरी गोष्ट संपेना. बाकीची मुलं कान टवकारून ऐकत होती.

दोघांत फरक कशाचा पडला? पहिल्यानं काळ बदलला आणि त्याबरोबर बन्याही पुसून टाकला. त्याच्या जागी कुठलाही मोबाईलवाला मुलगा चालला असता. दुसरीनं सगळं बदललं, पण बन्याचं नाक खुपसणं, कुणाशीही चटकन दोस्ती करणं आणि ते 'ट्टॉक' मात्र तसंच ठेवलं. म्हणून आपल्याला तो लगेच ओळखू आला.

मोठी माणसंही हाच पेपर सोडवत असतात बरं का! 2017 मध्ये 'फास्टर फेणे' चित्रपट आला, तेव्हा त्यातला बन्या आजच्या काळातला तरुण होता, डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला. अमेय वाघनं ते काम केलं. आणि गंमत म्हणजे त्या चित्रपटात भा. रा. भागवत स्वतः एक पात्र म्हणून भेटतात, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. खरे भागवत 2001 मध्ये गेले. पण तिथं लेखक आणि त्याचा मानसपुत्र एकमेकांशी बोलताना दिसतात. ही जादू आपल्याला फक्त गोष्टीतच करता येते, नाही का?

शेरलॉक होम्सचंही असंच. कॉनन डॉइलनं 1893 मध्ये त्याला स्वित्झर्लंडमधल्या एका धबधब्यात लोटलं. वाचक इतके चिडले, की शेवटी 1903 मध्ये त्याला परत आणावं लागलं. 2010 मध्ये बीबीसीनं होम्सला आजच्या लंडनमध्ये आणला. पाइप गेला, मोबाईल आला. घोडागाडी गेली, टॅक्सी आली. पण वॉटसनचं काय करायचं? मूळ गोष्टीतला डॉक्टर वॉटसन अफगाणिस्तानच्या लढाईत जखमी होऊन परतलेला होता. ती लढाई 1880 सालची. आता सव्वाशे वर्षांनंतर हे कसं जमवायचं? काहीच जमवावं लागलं नाही! नव्या वॉटसनलाही अफगाणिस्तानातूनच जखमी होऊन परत येता आलं. माझ्या मनात आलं, होम्सचा काळ बदलला, पण लढाया काही संपल्या नाहीत. पात्र पुढच्या काळात नेलं, की कधीकधी आपल्या काळाबद्दलच असं काहीतरी कळून जातं.

हे झालं पुढे येणं. पण तुम्हा मुलांचा जीव अडकलेला असतो मागे जाण्यात, हे मला माहीत आहे. आणि मागे जायचं म्हटलं, की हॅरी पॉटरला पर्याय नाही.

तिसऱ्या पुस्तकात, म्हणजे 1999 सालच्या, हर्मायनीकडे एक छोटंसं वाळूचं घड्याळ असतं. तास मागे नेणारं. ते तिला मिळतं कशासाठी, तर एकाच वेळी असणाऱ्या वेगवेगळ्या वर्गांना हजर राहण्यासाठी! (पालकहो, हसू नका. तुमच्या मुलांच्या क्लासचं वेळापत्रक काढून बघा.) शेवटी ती आणि हॅरी तीन तास मागे जातात आणि बकबीकला आणि सिरियसला वाचवतात. पण नीट वाचलंत, तर लक्षात येईल, की तिथं काहीच 'बदलत' नाही. पहिल्यांदा कुऱ्हाडीचा आवाज ऐकून आपल्याला वाटतं, बकबीक मेला. खरं म्हणजे तो तेव्हाच सुटलेला असतो, आणि कुऱ्हाड रागानं कुंपणावर पडलेली असते. तळ्याकाठी आपल्याला कुणी वाचवलं, हे हॅरीला कळत नाही. त्याला वाटतं, बाबाच आले. आणि मागे गेल्यावर कळतं, की तो स्वतःच होता! याला आपण 'ठरलेला काळ' म्हणू. तुम्ही मागे जाता, पण तुमचं मागे जाणं आधीच हिशेबात धरलेलं असतं.

दुसरा असतो 'बदलणारा काळ'. 2016 मध्ये लंडनमध्ये रंगभूमीवर आलेल्या हॅरी पॉटरच्या नाटकात हॅरीचा मुलगा आल्बस आणि त्याचा मित्र स्कॉर्पिअस सेड्रिकला वाचवायला मागे जातात. हेतू किती चांगला! पण परत येऊन बघतात, तर रॉन आणि हर्मायनीचं लग्नच झालेलं नाही. दुसऱ्यांदा ढवळाढवळ करतात, तर सगळं जगच अंधाराच्या ताब्यात गेलेलं, आणि आल्बस जन्मालाच आलेला नाही. एक दोरा ओढला की सगळं विणकाम उसवतं, तसं.

आता एक बारीकशी गोष्ट सांगते. पाचव्या पुस्तकात, जे 2003 साली आलं, मंत्रालयातल्या लढाईत ती सगळी वाळूची घड्याळं फुटतात. आणि त्याच लढाईत सिरियस जातो. म्हणजे वाचकांना मागे जायची सर्वांत जास्त गरज होती, नेमकं तेव्हाच लेखिकेनं दार लावून घेतलं! मग जगभरच्या पोरांनी काय केलं? आपापली दारं पाडली. सिरियसला वाचवणाऱ्या गोष्टी इतक्या लिहिल्या गेल्या, की काही विचारू नका.

त्यांतला एक प्रकार मला फार आवडतो. युद्ध संपलंय, हॅरी मोठा झालाय, आणि एके सकाळी तो जागा होतो ते जिन्याखालच्या त्याच कपाटात. वय वर्षं अकरा, पण सगळं आठवतंय! कोण खरं, कोण खोटं, कुठे काय लपलंय, सगळं ठाऊक. वाटतं, आता काय, मज्जाच मजा. पण चांगला लिहिणारा असेल, तर तो हॅरीला आगगाडीत बसवतो. डब्याचं दार उघडतं, लाल केसांचा रॉन आत येतो आणि विचारतो, इथं बसू का? हॅरीच्या डोक्यात त्याच्याबरोबर काढलेली इतकी वर्षं आहेत. आणि रॉनच्या डोक्यात काहीच नाही! तो समोरच्या अनोळखी मुलाकडे बघतोय. आपल्या जिवलग मित्राशी पहिल्यापासून ओळख करून घ्यायची, आणि आपण त्याला ओळखतो हे सांगायचंही नाही. विचार करा, किती एकटं वाटेल. सगळं माहीत असणं म्हणजे सुख नव्हे, हे मला कुठल्या जाड ग्रंथानं नाही, तर अशा एका हौशी गोष्टीनं पटवलं.

मागे जायचं, तर किंमत द्यावी लागते. हे 'स्टार ट्रेक'वाल्यांनी 1967 मध्येच दाखवलं होतं. त्या मालिकेच्या एका भागात कप्तान कर्क आणि टोकदार कानांचा स्पॉक 1930 सालच्या न्यूयॉर्कमध्ये पोचतात. स्पॉक बिचारा लोकरी टोपीत कान लपवून फिरतो. तिथं गरिबांना जेवू घालणारी एक भली बाई कर्कला भेटते, त्याचं तिच्यावर प्रेम बसतं. आणि मग कळतं, की ती अपघातात वाचली, तर दुसरं महायुद्ध हिटलर जिंकणार आहे. गाडी येते. त्यांचा डॉक्टर तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला धरून ठेवतो. त्याच वर्षी अमेरिकेत या मालिकेच्या चाहत्यांचं एक हौशी मासिक निघालं, 'स्पॉकनेलिया'. तेव्हा गोष्टी टाइप करायच्या, प्रती काढायच्या आणि टपालानं धाडायच्या. इतका खटाटोप करून लोक लिहीत होते!

आपल्याकडे जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतात, जिथं 1761 चं पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथं कानाला चाटून जाते. तुमच्यापैकी अकरावीत गेलेल्या ताई-दादांना ती इंग्रजीच्या पुस्तकात भेटली असेल. शतकं उलटली, तरी ती गोळी चुकावी असं अजून आपल्याला वाटतंच ना?

आता माझ्या घरातलं सांगते. माझी भाची आठवीत होती. शंभर पानी वहीत तिची हॅरी पॉटरची गोष्ट चालली होती, अर्थातच सिरियसला वाचवण्याची. सहा प्रकरणं झाली होती. त्या पावसाळ्यात तिचे आबा, म्हणजे माझे वडील, गेले. वही बंद झाली. दिवाळी झाली, नाताळ झाला, तरी ती वहीला हात लावेना. आम्हीही विचारलं नाही.

फेब्रुवारीत ती एक दिवस वही घेऊन आली. नवी गोष्ट होती. हॅरी मागे जातो, आपल्या आईबाबांच्या घरी. त्याच्याकडे एकच तास आहे. मला वाटलं, आता हा त्यांना सावध करणार, पळून जा म्हणणार. पण तो तसं काहीच करत नाही. तो बाबांजवळ बसतो आणि विचारतो, "तुम्हाला लहानपणी कशाची भीती वाटायची?" त्याखालची ओळ कोरी होती.

मी म्हटलं, "अगं, वाचवत का नाही तो त्यांना?"

ती म्हणाली, "मावशी, वाचवलं तर पुढचं सगळं पुसावं लागेल. रॉन नाही, हर्मायनी नाही. मग तो हॅरीच नाही राहणार ना. म्हणून मी त्याला नुसतं विचारायला पाठवलंय." मग जरा थांबून म्हणाली, "आबांना मी हे कधी विचारलंच नव्हतं. तुला माहितीये?"

मला माहीत होतं. आबांना विहिरीत डोकावायची भीती वाटायची. गावाकडे सगळी मुलं धपाधप उड्या मारायची आणि हे लांब आंब्याखाली कपडे सांभाळत बसायचे. मी तिला ते सांगितलं. ती खूप हसली. पुढच्या आठवड्यात पाहिलं, तर कोरी ओळ भरली होती. झाडूवर बसून आभाळात गिरक्या घेणारा, कुणाला न घाबरणारा जेम्स पॉटर आपल्या मुलाला सांगत होता, की मला बाबा विहिरीत डोकावायची फार भीती वाटायची!

ती वही अजून तिच्याकडे आहे.

तर दोस्तांनो, तुम्हालाही असं काही लिहावंसं वाटलं, तर माझ्या चार गोष्टी ध्यानात ठेवा. एक, काळ हवा तेवढा बदला, पण पात्राचा स्वभाव बदलू नका. दोन, तुमच्या गोष्टीतला काळ 'ठरलेला' की 'बदलणारा', ते आधी ठरवा आणि मध्येच पलटी मारू नका. तीन, मागे जाणाऱ्याला काहीतरी गमवावं लागू दे. फुकटात सगळं मिळालं, तर आपल्या मोबाईलवाल्या बन्यासारखी अर्ध्या पानात गोष्ट संपेल. आणि चार, पहिल्या पानावर मूळ लेखकाचं नाव लिहा. पात्र उसनं आणलंय, त्याची आठवण राहायला हवी. उसनी वस्तू विकायची नसते, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. फ्रेंच लेखक मॉरिस लब्लाँनं 1906 मध्ये आपल्या गोष्टीत होम्सला आणलं, तेव्हा डॉइलनं हरकत घेतली. मग लब्लाँनं अक्षरांची अदलाबदल करून नाव केलं 'हरलॉक शोम्स'!

आणि पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलगी अभ्यासाच्या वहीत भलतंच काही लिहिताना दिसली, तर लगेच ओरडू नका. अशा गोष्टींचा 2009 पासून चालणारा एक मोठा संग्रह आहे, 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नावाचा. त्याला 2019 मध्ये विज्ञानकथांसाठीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तेव्हा हा अगदीच रिकामा उद्योग नाही. मात्र तिथं मोठ्यांसाठीच्या गोष्टीही असतात, म्हणून मुलं काय वाचतात याकडे लक्ष असू द्या. मुलांनो, तुम्हीही आई-बाबांना विचारल्याशिवाय तिकडे फिरकू नका. आणि पालकहो, मुलानं वही दाखवली, तर शुद्धलेखनाच्या चुका नंतर काढा. आधी 'पुढे काय झालं?' असं विचारा.

मुलांनो, तुमचं आवडतं पात्र कोणतं? चिंगी, गोट्या, बोक्या, हॅरी, की आणखी कुणी? त्याला बोट धरून कुठे न्यायचं, कुणाला भेटवायचं, काय विचारायचं, ते ठरवा. आणि त्या काळातली माहिती हवी असेल, तर घरातल्या आजी-आजोबांना गाठा. त्यांच्याकडे जायला वाळूचं घड्याळ लागत नाही, शेजारच्या खोलीपर्यंत गेलं की झालं. चला, काढा वही!